‘रक्तशुद्धी’ : पर्णौषधींच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

१

वनस्पतींच्या औषधी गुणांविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात ‘रक्त शुद्ध करते’ या वाक्याइतके वारंवार येणारे दुसरे वाक्य क्वचितच सापडेल. कडुनिंबाचा पाला, तुळशीची पाने, शेवग्याचा पाला, पपईचे पान, सदाफुलीचे पान, या सर्वांच्या वाट्याला कोठे ना कोठे हे विधान येतेच. त्याच्या खालोखाल ‘रक्त वाढवते’ आणि ‘रक्त पातळ करते’ ही दोन वाक्ये येतात. पर्णौषधी आणि रक्त यांच्या संबंधाविषयी सामान्य मराठी वाचकाला जे काही सांगितले जाते, ते बहुतांशी या तीन वाक्यांत सामावलेले आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

या वाक्यांची वैद्यकीय सत्यासत्यता ठरविणे हे वैद्यकाचे काम होय. परंतु सत्यासत्यता ठरविण्यापूर्वी वाक्याला निश्चित अर्थ असावा लागतो, आणि तो आहे की नाही हे तपासणे हे भाषाभ्यासाचे काम आहे. ज्या वाक्याचा अर्थ ठरलेला नाही ते खोटे पाडता येत नाही. आणि जे खोटे पाडता येत नाही ते दीर्घायुषी होते. ‘रक्त शुद्ध करते’ या वाक्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य बव्हंशी येथेच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय या परिभाषेची चिकित्सा एवढाच मर्यादित आहे. तथापि ही चिकित्सा केवळ कोशकाराच्या सोयीची नाही. शब्द संदिग्ध राहिला म्हणजे त्याची किंमत वाचकाला कशी मोजावी लागते, हे पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

२

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. या संदिग्धतेचा दोष प्राचीन वैद्यकाच्या माथी मारण्याची प्रथा आहे, ती न्याय्य नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील विधिशोणितीय नावाच्या अध्यायात शुद्ध रक्ताची लक्षणे स्वतंत्रपणे सांगितली आहेत. ‘शुद्ध’ हे विशेषण तेथे एका विशिष्ट दर्शनाच्या चौकटीत व्याख्या करून वापरलेले आहे. त्याच स्थानात औषधींचे जे गण केले आहेत त्यांत ‘शोणितस्थापन’ असा एक स्वतंत्र गण आहे. रक्तपित्त, म्हणजे नाकातोंडातून किंवा अधोमार्गाने होणारा रक्तस्राव, हा निराळा व्याधी; पांडुरोग हा निराळा; आणि रक्ताच्या दुष्टीमुळे होणारे त्वचाविकार निराळे. अडुळसा हे रक्तपित्तावरील प्रधान औषध मानले गेले. पांडुरोगावर लोहभस्माचे कल्प सांगितले गेले. त्या दर्शनाचे सिद्धांत आज कोणाला मान्य असोत वा नसोत, त्याची परिभाषा अंतर्गत दृष्ट्या विभागलेली होती, एवढे मान्य करणे प्राप्त आहे.

विशेषतः ‘पांडुरोग’ हा शब्द अभ्यसनीय आहे. तो रोगाच्या कारणाविषयी काहीच बोलत नाही; रोग्याच्या कांतीचा जो फिकट वर्ण वैद्याला दिसतो तेवढाच सांगतो. निरीक्षणापलीकडे न जाणारा हा शब्द आहे, आणि म्हणूनच तो चुकीचा ठरू शकत नाही. उलट अर्वाचीन मराठीने त्याऐवजी जो ‘रक्तक्षय’ हा शब्द प्रचारात आणला, तो निरीक्षण सोडून अनुमान सांगतो. आणि ते अनुमान, पुढे दिसेल त्याप्रमाणे, नेहमीच बरोबर नसते.

शास्त्रग्रंथांतून लोकभाषेत उतरताना ही विभागणी गळून पडली. रक्तप्रसादन, रक्तस्तंभन, शोणितस्थापन अशा भिन्न क्रियांसाठी एकच ‘रक्तशुद्धी’ उरली. त्यातच विसाव्या शतकात आसवे आणि काढे यांच्या जाहिरातींनी ‘रक्तशोधक’ हे विशेषण घरोघर पोहोचविले. मुरुम, खरूज, गजकर्ण यांपासून आळस आणि अपचन यांपर्यंत सर्व तक्रारींचे मूळ ‘बिघडलेल्या रक्ता’त शोधले जाऊ लागले. अलीकडच्या काळात मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णावर यंत्राच्या साह्याने जो उपचार करतात, त्यालाही वृत्तपत्री मराठीत ‘रक्तशुद्धीकरण’ असेच म्हणतात. मराठी विश्वकोशाने योजलेला ‘अपोहन’ हा शब्द व्यवहारात फारसा रुजला नाही. परिणामी मुरुमांवरचा पाला आणि मूत्रपिंडाचे काम करणारे यंत्र हे दोन्ही भाषेच्या दृष्टीने एकच कार्य करतात! ज्या रुग्णाला आठवड्यातून दोनतीनदा त्या यंत्राचा आधार घ्यावा लागतो, त्याच्या नातेवाइकांनी ‘रक्त शुद्ध करणारा’ पाला त्या उपचाराचा पर्याय मानला, तर दोष केवळ त्यांच्या अज्ञानाचा म्हणता येणार नाही. भाषेनेच त्यांना तसे सांगितलेले असते.

३

आता या वाक्यांतील नामाचा विचार करू. ‘रक्त’ हे मराठीत अविभाज्य द्रव्यवाचक नाम आहे. ते वाढते, आटते, गोठते, उसळते. ‘रक्ताचे पाणी करणे’ यासारख्या वाक्प्रचारांत ते कष्टाचे आणि प्राणशक्तीचे प्रतीक होते. या सर्व प्रयोगांत रक्त हे एकजिनसी द्रव्य म्हणून कल्पिलेले आहे. परंतु शरीरविज्ञानाच्या दृष्टीने रक्त हे एक द्रव्य नसून द्रव आणि पेशी यांचा संघात आहे. त्यात रक्तद्रव आहे, तांबड्या पेशी आहेत, पांढऱ्या पेशी आहेत, आणि रक्त साकळण्यास साह्य करणाऱ्या सूक्ष्म बिंबिका आहेत. एखादे पान ‘रक्तावर’ परिणाम करते असे म्हणणे म्हणजे एखादी वस्तू ‘बाजारा’वर परिणाम करते असे म्हणण्यासारखे आहे, कोणत्या मालाचा भाव चढला आणि कोणत्याचा उतरला, हे त्यातून कळत नाही.

‘अंगात रक्त नाही’, ‘रक्त कमी आहे’ हे वाक्य मराठी घरांत गर्भवती स्त्रियांच्या संदर्भात नित्य ऐकू येते. वस्तुस्थिती अशी आहे की गर्भारपणात शरीरातील रक्ताचे एकूण आकारमान वाढते. रक्तद्रव सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. तांबड्या पेशीही वाढतात, परंतु त्या मानाने कमी. म्हणून मोजमापात हिमोग्लोबिनचे प्रमाण उतरलेले दिसते. ते दर डेसिलिटरला ११ ग्रॅमच्या खाली गेले तर गर्भवती स्त्रीला जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पांडुरोग आहे असे मानतात. अर्थात, ज्या स्त्रीविषयी ‘रक्त कमी आहे’ असे म्हणतात तिच्या शरीरात रक्त पूर्वीपेक्षा अधिक असण्याचा संभव असतो. कमी असते ते प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य. ‘रक्तक्षय’ ही संज्ञा येथे शब्दशः खोटी ठरते, ‘पांडुरोग’ ठरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया पांडुरोगी आढळल्या. एवढ्या व्यापक व्याधीची संज्ञा अनुमानदुष्ट असावी, ही उपेक्षणीय गोष्ट नव्हे.

या व्याधीच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईत घडले. ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधिका १९२८ साली गर्भवती स्त्रियांतील एका तीव्र पांडुरोगाचा शोध घेण्यासाठी मुंबईत आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांत हा विकार विशेष आढळे. त्यात तांबड्या पेशी संख्येने घटत, परंतु आकाराने मोठ्या होत. म्हणजे लोहाच्या उणिवेमुळे होणाऱ्या नेहमीच्या पांडुरोगाहून हा वेगळा होता. विल्स यांनी यीस्टपासून केलेले स्वस्त सत्त्व देऊन हा विकार बरा होतो असे दाखविले, आणि १९३१ साली ते प्रसिद्ध केले. त्या सत्त्वातील कार्यकारी द्रव्य पुढे ज्या वर्गातले ठरले, त्यातील एक द्रव्य १९४१ साली टेक्सासमध्ये मिशेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी सुमारे चार टन पालकाच्या पानांपासून मिळविले. लॅटिन भाषेत ‘फोलियम’ म्हणजे पान. त्यावरून त्या द्रव्याला ‘फॉलिक आम्ल’ हे नाव मिळाले. येल्लाप्रगड सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालील अमेरिकेतील संशोधकगटाने १९४५ मध्ये त्याचे कृत्रिम संश्लेषण केले.

पानाचा रक्ताशी असलेला हा संबंध निःसंशय खरा आहे. तो थेट संज्ञेतच कोरला गेला आहे. परंतु संज्ञेच्या व्युत्पत्तीवरून अर्थ काढणे येथेही धोक्याचे आहे. विल्स यांनी दिलेले औषध पान नव्हते, यीस्ट होते. आणि हे द्रव्य यकृतात व कडधान्यांतही असते. शिवाय ते उष्णतेने पुष्कळ अंशी नष्ट होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मोठ्या तांबड्या पेशींचा असाच पांडुरोग ब-१२ या जीवनसत्त्वाच्या अभावानेही होतो, आणि ते जीवनसत्त्व पालेभाज्यांतून मिळत नाही. अशा रुग्णाला केवळ फॉलिक आम्ल दिले तर त्याचे रक्त सुधारते, हिमोग्लोबिन वाढते, परंतु मज्जातंतूंचा ऱ्हास चालूच राहतो. पायांची संवेदना जाऊ लागते. ‘रक्त वाढले’ हे वाक्य अशा वेळी अक्षरशः सत्य असते, आणि तरीही रोगी बिघडत असतो. दूधदुभतेही बेताचे असलेल्या निव्वळ शाकाहारी घरांत या सूक्ष्म भेदाला किती महत्त्व आहे, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

४

नामाकडून क्रियापदाकडे वळले असता संदिग्धता अधिकच वाढते. ‘शुद्ध करणे’, ‘वाढविणे’, ‘पातळ करणे’ ही तिन्ही प्रयोजक स्वरूपाची विधाने आहेत. त्यांत पान हा कर्ता आणि रक्त हे कर्म. परंतु मधली प्रक्रिया वगळलेली असल्यामुळे परस्परविरुद्ध क्रियाही एकाच क्रियापदाखाली सुखाने नांदतात. याची साक्ष पानांच्या इतिहासातूनच मिळते.

डेन्मार्कचे हेन्रिक डॅम यांनी १९३५ च्या सुमारास रक्त साकळण्यास आवश्यक असलेल्या एका जीवनसत्त्वाला ‘के’ हे नाव दिले; ‘कोआग्युलेशन’ या साकळण्याच्या अर्थाच्या शब्दातील तो आद्य वर्ण आहे. १९३९ मध्ये हे द्रव्य लसूणघासापासून शुद्ध रूपात मिळाले. वनस्पतींत आढळणाऱ्या या प्रकाराचे नाव ‘फिलोक्विनोन’. त्यातील ‘फिलॉन’ हा ग्रीक शब्दही पानाचाच वाचक आहे. म्हणजे एका पर्णवाचक संज्ञेने तांबड्या पेशींची निर्मिती सुचविली, तर दुसरीने रक्ताचे साकळणे.

याच्या नेमके उलट उदाहरण उत्तर अमेरिकेतील चाऱ्याचे. १९२० नंतरच्या दशकात तेथे ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचा बुरशी आलेला सुका चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चाऱ्यातून ‘डायकुमॅरॉल’ हे द्रव्य वेगळे केले. ताज्या चाऱ्यातील कुमारिन निरुपद्रवी असते. बुरशीच्या क्रियेने त्याचे रूपांतर रक्त साकळू न देणाऱ्या विषात होते. पुढे त्याच कुळातील ‘वॉरफरिन’ प्रथम उंदीर मारण्यासाठी १९४८ मध्ये, आणि नंतर माणसांच्या हृदयविकारांत व रक्तवाहिन्यांच्या विकारांत औषध म्हणून उपयोगात आले. ज्या गोळीला मराठीत ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात, तिच्या जुन्या प्रकारांत ही गोळी प्रमुख होय.

वस्तुतः या गोळीने रक्त पातळ होत नाही. त्याची घनता बदलत नाही. ते साकळण्याची शक्ती तेवढी कमी होते, आणि तीही यकृतात जीवनसत्त्व ‘के’च्या कार्यात अडथळा आल्यामुळे. हा भेद निव्वळ शाब्दिक नाही. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाने अकस्मात हिरव्या पानांचा रस पुष्कळ प्रमाणात सुरू केला, तर गोळीचा परिणाम घटून रक्ताची गुठळी होण्याचा धोका संभवतो. ‘रक्त पातळ करणारी’ गोळी आणि ‘रक्त शुद्ध करणारा’ रस ही दोन्ही एकाच दिशेची कामे आहेत असे भाषा सुचविते. शरीरात मात्र ती एकमेकांविरुद्ध उभी राहतात.

याच प्रश्नाची दुसरी बाजू सदाफुलीच्या पानांनी दाखविली. मादागास्करातून जगभर पसरलेल्या या झुडपाची पाने मधुमेहावर चावून खाण्याची किंवा त्यांचा काढा घेण्याची चाल अनेक देशांत होती, महाराष्ट्रातही आहे. १९५२ साली जमैकाहून अशी काही पाने कॅनडात पाठविली गेली. तेथे रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्यांची परीक्षा केली तेव्हा साखरेवर अपेक्षित परिणाम आढळला नाही. परंतु पानांचे सत्त्व टोचलेल्या उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि अस्थिमज्जेचे कार्य मंदावले. या निरीक्षणातून १९५८ मध्ये ‘व्हिनब्लास्टीन’ निष्पन्न झाले, आणि त्यापाठोपाठ आलेले ‘व्हिनक्रिस्टीन’ मुलांच्या रक्तकर्करोगावरील उपचारात अमोल ठरले. पेशीविभाजन रोखणारी ही अत्यंत प्रभावी विषारी द्रव्ये आहेत. त्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून आणि वैद्यकीय देखरेखीखालीच दिली जाते. पानात त्यांचे प्रमाण अत्यल्प असते हे खरे. तथापि ‘सदाफुली रक्तकर्करोगावर गुणकारी’ आणि ‘सदाफुलीचे पान रक्त शुद्ध करते’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली म्हणजे पहिल्याच्या सत्याचा आधार दुसऱ्याला आपोआप मिळतो. पहिल्या वाक्यातील सत्य मात्र रक्त वाढविण्याचे नसून पेशींची वाढ थांबविण्याचे आहे.

अखेरचे उदाहरण मेंदीचे. मेंदीच्या पानात ‘लॉसोन’ नावाचे रंगद्रव्य असते. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-६-पी-डी या विकराची जन्मजात उणीव आहे, अशा व्यक्तींच्या, विशेषतः लहान बालकांच्या, त्वचेवर मेंदी लावल्यानंतर तांबड्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. ही उणीव भारतातील अनेक समाजांत आढळते. येथे पान पोटात जाण्याचीही गरज पडत नाही.

याप्रमाणे एक पान पेशींच्या निर्मितीस साह्य करते, दुसरे रक्त साकळण्यास, तिसरे न साकळण्यास, चौथे पेशींची वाढ रोखते, पाचवे पेशी फोडते. या पाच क्रियांना पुरून उरणारे एकच क्रियापद ज्या परिभाषेत आहे, ती परिभाषा अपुरी आहे, असे म्हणून भागत नाही. ती दिशाभूल करणारी आहे असेच म्हटले पाहिजे.

५

तिसरा प्रश्न कल्पाच्या नावाचा. पानापासून औषध करण्याच्या रीतींना आयुर्वेदाने स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशी पाच काटेकोर नावे दिली. कुटून पिळलेला तो स्वरस, वाटलेला गोळा तो कल्क, उकळून आटविलेला तो क्वाथ, थंड पाण्यात भिजवून काढलेला तो हिम, गरम पाण्यात घालून गाळलेला तो फांट. ही नावे केवळ पाकक्रियेची नाहीत. पानातील कोणते द्रव्य पेल्यात उतरेल हे त्यांवर अवलंबून असते. फॉलिक आम्लासारखे उष्णतेने नासणारे द्रव्य स्वरसात टिकेल, दीर्घकाळ उकळलेल्या काढ्यात त्यातील बरेचसे जाईल.

आजच्या मराठीत या पाचांच्या जागी सर्रास ‘अर्क’ हा एकच शब्द येतो, आणि त्यातून एक मौजेचा, पण निरुपद्रवी नसलेला घोटाळा उद्भवतो. औषधाच्या अर्थाचा ‘अर्क’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द आहे. घाम, पाझर, आणि त्यावरून ऊर्ध्वपातनाने काढलेला द्रव, असा त्याचा अर्थविस्तार झाला. संस्कृतातून आलेला ‘अर्क’ हा निराळा शब्द असून त्याचे अर्थ सूर्य आणि रुईचे झाड असे आहेत. ध्वनिसाम्यामुळे दोन्ही शब्द मराठीत एकरूप दिसतात. ‘पत्रार्क’ म्हणजे पानाचा अर्क, परंतु ‘अर्कपत्र’ म्हणजे रुईचे पान. आणि रुईचा चीक विषारी आहे. समासातील पदे उलटली की औषधाचे विष होते, याहून व्युत्पत्तिशास्त्राचे व्यावहारिक महत्त्व सांगणारे उदाहरण शोधावे लागणार नाही.

परंतु याहून सूक्ष्म दोष वेगळाच आहे. अर्क हा मूलतः ऊर्ध्वपातित द्रव असल्याने त्यात पानातील बाष्पनशील द्रव्येच तेवढी येतात. लोह बाष्परूपाने वर जात नाही. तेव्हा एखाद्या पालेभाजीचा खरोखरच ऊर्ध्वपातित अर्क ‘लोहयुक्त’ म्हणून वर्णिला गेला, तर ते वर्णन आपल्याच शब्दाने खोटे पडते. मद्यार्कात किंवा पाण्यात विद्राव्य घटक काढून घेतलेल्या द्रवाला ‘निष्कर्ष’ वा ‘सत्त्व’ म्हणणे अधिक योग्य. लोहाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पानात लोह असणे आणि ते रक्तात पोहोचणे या दोन भिन्न घटना आहेत. पालकातील ऑक्झॅलिक आम्ल आणि अनेक पानांतील तुरट द्रव्ये लोहाच्या शोषणास अडथळा करतात; उलट लिंबासारखा आंबट, क-जीवनसत्त्वयुक्त पदार्थ सोबत असला तर शोषण वाढते. अळूच्या भाजीत चिंच घालण्याची आणि पालेभाजीवर लिंबू पिळण्याची घरगुती रीत या बाबतीत छापील परिभाषेपेक्षा पुष्कळ शहाणी आहे.

वनस्पतींच्या नावांविषयीही हेच म्हणता येईल. ‘ब्राह्मी’ या नावाने निरनिराळ्या प्रांतांत दोन सर्वस्वी भिन्न वनस्पती ओळखल्या जातात. २०२१ साली मुंबईतील काही डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने असा आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्याशी साम्य असलेली दुसरी जात, हे तपासलेले नाही. वादाचा निर्णय काहीही असो, तो ज्या मुद्द्यावर अडला तो मुद्दा नामाचा होता. सदाफुलीचेही तसेच. लिनियसने तिला ‘व्हिंका’ या प्रजातीत घातले, नंतरच्या शास्त्रज्ञांनी तेथून काढून ‘कॅथरँथस’मध्ये नेले; परंतु तिच्यापासून झालेल्या औषधांच्या नावांत जुनी ‘व्हिंका’च राहिली आहे.

६

या सर्व दोषांचा एकत्रित परिणाम पाहावयाचा असेल तर पावसाळ्यातील डेंगीच्या साथीकडे पाहावे. ‘पेशी कमी झाल्या आहेत, पपईच्या पानांचा रस द्या’ हे वाक्य त्या दिवसांत गावोगाव ऐकू येते. या वाक्यात ‘पेशी’ म्हणजे कोणत्या, हे सांगितलेले नसते. डेंगीत पांढऱ्या पेशीही घटतात आणि बिंबिकाही घटतात. बिंबिकांना मराठीत कोणी ‘बिंबाणू’, कोणी ‘रक्तपट्टिका’, कोणी ‘रक्तबिंबिका’, तर बहुतेक जण ‘प्लेटलेट’ म्हणतात. एका वस्तूची चार नावे आणि एका नावाच्या अनेक वस्तू, असे हे दुहेरी दारिद्र्य आहे.

पपईच्या पानाच्या रसाने बिंबिकांची संख्या लवकर वाढते असे काही लहान प्रमाणावरील चाचण्यांत आढळले आहे. २०१३ साली मलेशियात झालेली चाचणी त्यांपैकी एक होय. परंतु ‘संख्या लवकर वाढली’ आणि ‘रोगी वाचला’ ही दोन वाक्ये समानार्थी नाहीत. डेंगीत ताप उतरू लागल्यावर बहुतेक रोग्यांच्या बिंबिका औषधाविनाही आपोआप वाढू लागतात. त्यातील खरा प्राणघातक धोका पुष्कळदा बिंबिकांत नसून केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरून जाण्यात असतो. हा पाझर बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास, म्हणजे घरच्या माणसांना हायसे वाटण्याच्याच वेळी, सुरू होतो. रक्तद्रव गेल्याने उरलेले रक्त खरोखरीच घट्ट होते, रक्तदाब पडतो, हातपाय गार होतात. योग्य वेळी योग्य प्रमाणात द्रव देणे हाच त्यावरील मुख्य उपचार आहे.

येथे परिभाषेचे दैवदुर्विलसित स्पष्ट दिसते. ज्या ठिकाणी रक्त पातळ होत नाही तेथे मराठी ‘रक्त पातळ झाले’ म्हणते. आणि ज्या ठिकाणी ते अक्षरशः दाट होते त्या अवस्थेसाठी लोकभाषेत शब्दच नाही. शब्द नाही म्हणून लक्ष नाही. ‘पेशी’ला शब्द आहे, अहवालात तिचा आकडा आहे, म्हणून घरचे सर्वजण त्या आकड्याकडे पाहत राहतात, रोग्याला लघवी किती वेळापूर्वी झाली, पोटात कळ आहे काय, उलट्या थांबतात काय, हे प्रश्न मागे पडतात. पपईचा रस येथे अपायकारक ठरतो तो त्याच्या गुणामुळे नव्हे, तर त्याच्याविषयीच्या वाक्याने निर्माण केलेल्या निश्चिंतपणामुळे.

७

या चिकित्सेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, लोकभाषेकडून शास्त्राच्या काटेकोरपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. आजी नातीला ‘पालेभाजी खा, रक्त वाढेल’ असे सांगते तेव्हा ती परिभाषा वापरीत नसते. ती जेवण वाढीत असते. तेथे दुरुस्तीचे प्रयोजन नाही. परंतु हेच वाक्य औषधाच्या वेष्टनावर, आरोग्यविषयक पुस्तिकेत किंवा वृत्तपत्राच्या पुरवणीत छापले जाते, तेव्हा त्याचा दर्जा बदलतो. घरगुती बोलण्याची सवलत छापील विधानाला मागता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, हा सर्व गोंधळ इंग्रजी संज्ञा जशाच्या तशा स्वीकारल्याने संपेल. अनुभव याच्या विरुद्ध आहे. ‘प्लेटलेट’ हा शब्द मराठीत केव्हाच रुळला. परंतु तो रुळल्याने डेंगीविषयीचा विचार अधिक स्पष्ट झाला नाही. ‘डीटॉक्स’ या शब्दाने तर ‘रक्तशुद्धी’चीच जुनी संदिग्धता नव्या वेषात आणून ठेवली. परकी संज्ञा घेतल्याने वस्तूचे नाव मिळते. वाक्याची रचना आपलीच राहते, आणि दोष वाक्यरचनेत आहे. देशी की परकी हा येथील प्रश्नच नव्हे.

तेव्हा सुधारणा संज्ञेपेक्षा वाक्यात हवी. पर्णौषधीविषयीचे कोणतेही छापील विधान पाच गोष्टी सांगणारे असावे: वनस्पती कोणती, तिच्या शास्त्रीय नावासह, तिचा कोणता भाग, कोणत्या कृतीने केलेला कल्प, रक्तातील कोणत्या घटकावर त्याची क्रिया, आणि ती क्रिया कोणती व कोणामध्ये पाहिली गेली, परीक्षानळीत, प्राण्यांत की माणसांत. ‘अमुक पान रक्त शुद्ध करते’ या वाक्याला हे पाच प्रश्न विचारले असता त्याला एकाचेही उत्तर देता येत नाही. याउलट, ‘पपईच्या पानांचा रस दिला असता काही चाचण्यांत डेंगीच्या रुग्णांच्या बिंबिकांची संख्या लवकर वाढलेली दिसली, मृत्यू टळतात असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही’ हे वाक्य लांब आहे, कदाचित नीरसही आहे, परंतु त्यातील प्रत्येक शब्द मराठी वाचकाला कळणारा आहे. मराठीत शास्त्र लिहिता येत नाही, या तक्रारीला असे वाक्य हेच उत्तर होय.

परिभाषा कोशांनी ‘रक्तशुद्धी’ हा शब्द काढून टाकावा असे सुचविण्याचे कारण नाही. आयुर्वेदाच्या विवेचनात, त्या दर्शनाच्या व्याख्येसह, त्याला स्थान आहेच. परंतु त्या चौकटीबाहेर, वाचकाने ज्याच्या भरवशावर काही प्यावयाचे किंवा काही थांबवावयाचे आहे अशा लेखनात, त्या शब्दाचा वापर टाळणे हे संपादकाचे आणि अनुवादकाचे कर्तव्य ठरते. पाने रक्तावर परिणाम करतात, हे गेल्या शतकातील संशोधनाने निर्विवाद ठरविले आहे. पानांच्या ठायी सामर्थ्य आहे म्हणूनच त्यांविषयीचे वाक्य सैल असता कामा नये.